अणुकेंद्रक

अणूच्या मध्यभागी असलेला, प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा धनप्रभारित गाभा. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी तो १९११ मध्ये मांडला. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. बोईसरजवळच्या तारापूर अणुवीज केंद्रात १९६९ पासून याच गाभ्यातल्या ऊर्जेची वीज होते.

सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, मग प्रोटॉन एकत्र कसे राहतात? अगदी जवळच्या अंतरावर प्रबळ केंद्रकीय बल त्यांना बांधून ठेवते. युरेनियमसारख्या मोठ्या केंद्रकात ही बांधणी नाजूक असते. युरेनियम-२३५ मध्ये एक न्यूट्रॉन शिरला तरी ते सहसा दुभंगते, आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात आणि साखळी चालू राहते.

विद्यार्थ्यांचा सर्वांत चांगला प्रश्न याच्या पुढचा आहे : केंद्रकात इलेक्ट्रॉन नसतो, तर बीटा किरण, म्हणजे केंद्रकातून सुटणारे इलेक्ट्रॉन, येतात कुठून? इलेक्ट्रॉन आत दडलेला नसतो. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना तो त्या क्षणी निर्माण होतो; सोबत प्रतिन्यूट्रिनोही बाहेर पडतो. तारापूरच्या भट्ट्यांत हे सतत घडते. न दुभंगता न्यूट्रॉन गिळलेले युरेनियम-२३८ हे युरेनियम-२३९ होते आणि दोनदा बीटा-ऱ्हास होऊन, नेपच्यूनियममार्गे, प्लुटोनियम-२३९ बनते.

तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीत जड पाणी वापरतात. ते न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, पण त्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन आधीच असल्याने त्यांना फारसे शोषत नाही. त्यामुळे नैसर्गिक युरेनियमही इंधन म्हणून चालते.