भोंग्याच्या टप्प्यातली खोली

खोली गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात हवी, हा आम्हां गिरणगावकरांचा वाडवडिलांपासूनचा हिशेब. बदली कामगाराला रोज सकाळी दरवाजावर उभे राहावे लागे. उशीर झाला की दिवसाची मजुरी बुडाली. १९२० साली मुंबई सरकारने डेव्हलपमेंट खाते काढून ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला. बांधून झाल्या सुमारे १६,०००. पैकी वरळीच्या चाळी चांगल्या सिमेंट काँक्रीटच्या, पण त्यांतल्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे ओसच! साहेबांना याचे मोठे नवल वाटले. आम्हांला वाटत नाही. गिरण्या लांब, बाजार नाही, उधार देणारा वाणी नाही. बाईने कामावर जायचे तर पोर कोणापाशी ठेवायचे? तिकडे परळ-लालबागला मात्र एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे नांदत होती.