दीड डॉलरची शाळा

"पैसा नाही म्हणून शाळा चालत नाही" हे वाक्य आपल्या वस्त्यांत वरचेवर ऐकू येते. पैसा लागतोच, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो किती जणांच्या हातून येतो, यावर संस्थेचे आयुष्य ठरते. याचे एक उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या इतिहासात आहे. आपल्या मुलामुलींनी ते वाचावे म्हणून येथे थोडक्यात मांडतो.

मेरी मॅकलिऑड बेथ्यून यांचा जन्म १० जुलै १८७५ चा, साउथ कॅरोलिना राज्यातला. सतरा भावंडांतल्या त्या पंधराव्या. आईवडील १८६५ पर्यंत गुलाम होते. लहानपणी एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी त्यांनी सहज पुस्तक हातात घेतले, तर तिथल्या मुलीने, तुला कुठे वाचता येते, म्हणून ते खाली ठेवायला लावले. ते शब्द त्यांच्या मनात रुतून बसले. गावापासून काही मैलांवर मिशनची शाळा निघाली, तेव्हा घरातून एकट्या मेरीला तिथे पाठवले गेले. त्या रोज पायी जात आणि शिकलेले घरी येऊन भावंडांना शिकवीत.

पुढे त्या फ्लोरिडातील डेटोना गावी आल्या. रेल्वेच्या कामासाठी हजारो काळे मजूर त्या भागात आले होते, पण त्यांच्या मुलांकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. ३ ऑक्टोबर १९०४ रोजी भाड्याच्या छोट्या घरात बाईंनी शाळा सुरू केली. हाती रोकड दीड डॉलर, घरभाडे महिन्याला अकरा डॉलर. विद्यार्थी म्हणाल तर पाच मुली आणि बाईंचा स्वतःचा लहानगा मुलगा, एवढेच. खोक्यांची बाके केली. जळक्या लाकडाच्या ढलप्यांच्या पेन्सिली केल्या आणि रानफळे चुरडून शाई केली. हॉटेलांमागच्या उकिरड्यावरून फुटकी भांडी, मोडक्या खुर्च्या उचलून आणायच्या, घासूनपुसून दुरुस्त करून वापरायच्या. दोन वर्षांच्या आत विद्यार्थिसंख्या अडीचशेच्या घरात गेली.

जागा अपुरी पडू लागली. गावाचा कचरा टाकायची एक पाणथळ जागा होती, लोक तिला नरकाचा खड्डा म्हणत. बाईंनी तीच मागितली. विसाराचे पाच डॉलर त्यांनी रताळ्याच्या गोड पोळ्यांसारखे 'पाय' आणि आइस्क्रीम मजुरांना विकून उभे केले आणि ती सगळी चिल्लर रुमालात बांधून मालकाच्या हाती ठेवली!

त्याच जागेवर १९०७ साली 'फेथ हॉल' ही चार मजली लाकडी इमारत उभी राहिली. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. २२ ऑक्टोबर १९०७ रोजी न्यूयॉर्कमधील निकरबॉकर ट्रस्ट या मोठ्या वित्तसंस्थेने पैसे देणे थांबवले. बँकांसमोर रांगा लागल्या, शेअर्सचे भाव आदल्या वर्षीच्या शिखरापेक्षा जवळजवळ निम्म्यावर आले आणि १९०८ मध्ये बेकारी वाढली. डेटोनाला हिवाळ्यात येणाऱ्या धनिकांच्या देणग्या शाळेला मिळत. साबणाचे कारखानदार जेम्स गॅम्बल तर विश्वस्त मंडळावरच होते. तेव्हा अशा काळात शाळा बंद पडली असती तर नवल नव्हते. पण ती टिकली आणि वाढली.

कारण काय? कारण शाळेचा सगळा भार एका खांबावर नव्हता. धनिकांची देणगी हा एक भाग झाला. त्याखेरीज गवंडी, सुतार संध्याकाळी येऊन काम करीत आणि मोबदल्यात त्यांच्या मुलांना व त्यांना स्वतःलाही शिक्षण मिळे. शाळेच्या जमिनीत मुली भाजीपाला पिकवीत, तो ताटात येई, उरला तर विकला जाई. मुलींचे गायनपथक हॉटेलांत गाऊन निधी जमवी. बाजार कोसळला तरी गवंड्याचे हात आणि शेतातली भाजी कोसळत नाही. शिवाय पालकांना ही शाळा 'आपली' वाटत होती, हे सर्वांत मोठे भांडवल.

पुढचा इतिहास मोठा आहे. १९२३ मध्ये मुलांच्या कुकमन संस्थेशी विलीनीकरण झाले, त्यातून कॉलेज आणि २००७ साली विद्यापीठ झाले. १८ मे १९५५ रोजी बाईंचे निधन झाले. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनात फ्लोरिडा राज्यातर्फे त्यांचा पुतळा बसला. राज्याच्या वतीने तिथे पुतळा बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत.

सावित्रीबाईंची ओळख असलेल्या वाचकाला यात परके काही वाटणार नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या फुले दांपत्यालाही हितचिंतकांच्या वर्गणीवरच काम चालवावे लागले. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा डेटोनाची शाळा नऊ वर्षांची होती. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले. दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य त्यांनी ओळखले होते.

म्हणून बंधुभगिनींनो, मोठा देणगीदार मिळाला तर त्याचे आभार जरूर मानावेत. पण पावतीपुस्तक घेऊन प्रत्येक घरी जावेच. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडून दोन तास घ्यावेत. महागाईच्या वर्षात शाळा त्या दोन तासांवर तगते.