शेल स्क्रिप्टला समोरची फाइल का सापडत नाही? समजून घ्या ‘रिलेटिव्ह पाथ’

‘पेडगावला या’ एवढ्या निरोपावर पाहुणा नेमका पोहोचेलच असं नाही. एक पेडगाव परभणी जिल्ह्यात आहे, तर दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. कम्प्युटरला फाइलचा पत्ता अर्धवट दिला की असाच घोळ होतो.

पत्त्याचे दोन प्रकार कोणते?

लिनक्समध्ये ‘/’ या खुणेने सुरू होणारा पत्ता म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट पाथ. उदाहरणार्थ, ‘/होम/पेडगाव/डेटा/पाऊस’. तो कुठूनही वापरा, एकाच फाइलकडे नेतो. नुसतं ‘डेटा/पाऊस’ लिहिलं तर तो रिलेटिव्ह पाथ.

हा पत्ता कुठून मोजला जातो?

अनेकांना वाटतं, स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये ठेवली आहे तिथून. पण तो मोजला जातो ‘करंट डिरेक्टरी’पासून, म्हणजे कमांड देताना तुम्ही ज्या फोल्डरमध्ये असता तिथून. ‘पेडगाव’ फोल्डरमधून चालवलेली स्क्रिप्ट ‘होम’मधून चालवली, तर ती ‘/होम/डेटा/पाऊस’ शोधते आणि अडते. ठरलेल्या वेळी कामं करणारा ‘क्रॉन’ही सहसा युजरच्या होम फोल्डरमधूनच स्क्रिप्ट चालवतो. त्यामुळे हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्री आपोआप चालताना बंद पडते.

चुकलं तर काय होतं?

फाइल वाचायची असेल तर निदान एरर दिसतो. फाइल पुसायची असेल तर मात्र मोठं नुकसान होऊ शकतं. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीतला असा दोष समोर आला. तिची स्क्रिप्ट स्वतःचं फोल्डर शोधून ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवत असे. ते सापडलं नाही की व्हेरिएबल रिकामं राही. मग ‘या फोल्डरमधलं सगळं पुसा’ या आदेशाचा अर्थ ‘मुळापासून सगळं पुसा’ असा होई. एका युजरच्या फाइल्स अशाच गेल्या, जोडलेल्या बॅकअप ड्राइव्हसकट.

मग उपाय काय?

• अ‍ॅब्सोल्यूट पाथ वापरा. मात्र फोल्डर हलवलं की तो बदलावा लागतो.
• किंवा स्क्रिप्टलाच तिचं ठिकाण शोधू द्या. ‘$0’मध्ये स्क्रिप्ट ज्या नावाने चालवली ते असतं. ‘डिरनेम’ कमांड त्यातून फोल्डर वेगळं काढते. सुरुवातीलाच ‘सीडी’ने तिथे जा.
• ‘सीडी’ फसली तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल अशी सोय करा.
• पत्ता नेहमी दुहेरी अवतरणात लिहा. नाहीतर फोल्डरच्या नावातल्या स्पेसमुळे एका पत्त्याचे दोन तुकडे होतात.
• ‘आरएम’ने काही पुसण्याआधी व्हेरिएबल रिकामं नाही ना, हे तपासा.

गोंधळ वाटला तर ‘पीडब्ल्यूडी’ ही कमांड चालवून पाहा. आपण नेमके कुठे आहोत, हे ती सांगते.