गाळलेला शब्द आणि गृहीत वाचक

वृत्तपत्रीय शब्दकोडे हा साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो, असे सहसा मानले जात नाही. वेळ घालविण्याचे एक साधन एवढेच त्याचे स्थान ठरवून समीक्षा पुढे जाते. परंतु अभिजात मानले गेलेले साहित्य सामान्य वाचकाच्या मनात कोणत्या रूपाने टिकून राहते, हा प्रश्न ऐतिहासिक अंगाने तपासावयाचा असेल, तर दोन महायुद्धांमधील इंग्रजी शब्दकोड्याइतका बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील शोधसूत्रे बहुतांशी शब्दकोशातील अर्थांसारखी सरळ होती. इंग्लंडमध्ये आल्यावर मात्र या खेळाची प्रकृती पालटली. 'डेली टेलिग्राफ'ने १९२५ मध्ये आणि 'द टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० रोजी दैनिक शब्दकोडे सुरू केले. 'टाइम्स'चा पहिला कोडेकार एड्रियन बेल हा शेती करणारा लेखक होता. त्याचे 'कॉर्डरॉय' हे पुस्तकही १९३० चेच. त्या काळातील कोड्यांत एका विशिष्ट प्रकारचे शोधसूत्र वारंवार आढळते : एखाद्या कवितेतील वा नाटकातील ओळ द्यावयाची आणि तिच्यातील एक शब्द गाळावयाचा.

ओळीतील शब्द तेव्हाच गाळता येतो, जेव्हा वाचक तो भरून काढील अशी खात्री असते. दैनिकातील कोडे न्याहारीच्या मेजावर किंवा कचेरीस जाताना आगगाडीत सोडविले जाई. संदर्भग्रंथ हाताशी नसत. त्यामुळे कोडेकारास केवळ मुखोद्गत साहित्यावरच विसंबता येई. शेक्सपिअर, १६११ चे बायबल-भाषांतर, टेनिसन, डिकन्स ही नावे या जगात स्वाभाविक ठरतात. अभिजाततेची सीमारेषा पाठ्यक्रमात असते तिच्याहून येथे अधिक उघडी पडते. कारण पाठ्यक्रम काय वाचले जावे हे सांगतो, तर रिकामा चौकोन काय स्मरणात असलेच पाहिजे हे गृहीत धरतो. विशिष्ट शाळांतून लाभलेल्या संस्काराचे हे 'सांस्कृतिक भांडवल' होते. ज्याच्यापाशी ते नव्हते, त्याला रिकामा चौकोन आपले परकेपण रोज सकाळी दाखवून देई.

याच सुमारास, १९२९ मध्ये, आय. ए. रिचर्ड्स यांचा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास देण्याचा त्यांचा प्रयोग सर्वपरिचित आहे. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव लपविले आणि संहिता पूर्ण दिली. कोडेकाराने संहिता तोडली आणि तिचा एक तुकडा मागितला. पहिल्या पद्धतीत स्मरणाचा आधार काढून घेऊन वाचनाची परीक्षा होते; दुसऱ्या पद्धतीत वाचनाची गरजच न ठेवता स्मरणाची परीक्षा होते. एकाच दशकाच्या संधीवर इंग्रजी साहित्यसंस्कृती अशा दोन विरुद्ध दिशांनी कवितेकडे पाहत होती.

एडवर्ड पॉइस मॅथर्स याची वाट तिसरी होती. 'तोर्केमादा' या टोपणनावाने त्याने १९२६ पासून १९३९ मधील मृत्यूपर्यंत 'ऑब्झर्व्हर'साठी कोडी रचली. ही कोडी साप्ताहिक असल्याने सोडविणाऱ्यास कपाटातील ग्रंथ धुंडाळण्यास अवसर मिळे. काही कोड्यांची शोधसूत्रे तर पद्यात असत. याच मॅथर्सने बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'वरून 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' हे इंग्रजी काव्य सिद्ध केले होते, ही गोष्ट भारतीय अभ्यासकाने विसरू नये.

त्याचा वारस डी. एस. मॅकनट हा ग्रीक-लॅटिनचा शालेय अध्यापक. 'झिमेनीस' या नावाने लिहिणाऱ्या या कोडेकाराने १९६६ मध्ये आपल्या कलेचे नियम ग्रंथबद्ध केले. शोधसूत्रात उत्तराची नेमकी व्याख्या असावी, त्याच उत्तराकडे नेणारा शब्दखेळ असावा आणि याखेरीज काहीही नसावे, हा त्यांचा गाभा. श्लेष, वर्णांची उलटापालट, शब्दात दडलेला शब्द यांना महत्त्व आले आणि गाळलेल्या ओळी मागे पडत गेल्या. साहित्य कोड्यातून नाहीसे झाले नाही. पण लेखकांची आणि पात्रांची नावे आता अक्षरांचा कच्चा माल झाली.

या परिवर्तनाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे सोपे, पण अपुरे आहे. नव्या पद्धतीत उत्तराची सत्यता शोधसूत्रातच तपासता येते. कवितेची ओळ पाठ नसलेल्या परंतु भाषा जाणणाऱ्या वाचकालाही प्रवेश मिळतो. गमावले ते एवढेच नव्हे की ओळी विसरल्या गेल्या. त्या सर्वांना ठाऊक आहेत हा विश्वासही गेला. मात्र तो विश्वास खरोखर 'सर्वां'विषयी कधी होता का, हा प्रश्न उरतोच.

येथे आपल्याकडील समस्यापूर्तीशी तुलना उद्बोधक ठरते. 'भोजप्रबंधा'तील कथांत राजा एक चरण देतो आणि कवी उरलेला श्लोक रचतो. तेथेही उणीव हीच प्रेरणा आहे. परंतु ती नव्या रचनेला वाव देते. 'टाइम्स'च्या रिकाम्या चौकोनाला एकच उत्तर मान्य होते आणि ते अगोदरच ठरलेले होते. परंपरा जेव्हा पूर्ती मागते तेव्हा ती चालू असते. जेव्हा केवळ उत्तर मागते तेव्हा ती बंदिस्त झालेली असते. शब्दकोड्याच्या इतिहासाने साहित्याच्या अभ्यासकापुढे ठेवलेला हा भेद परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेलाही तितकाच लागू पडतो.