‘ढ’ या अक्षराचा इतिहास

लिपीचे अभ्यासक सांगतात की, ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या दोन हजार वर्षांच्या प्रवासात बहुतेक अक्षरांची वळणे बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. त्यावरूनच, कितीही शिकविले तरी जो बदलत नाही त्या मुलास ‘ढ’ म्हणण्याचा प्रघात पडला, अशी एक उपपत्ती आहे. ती खरी असो वा नसो, हा शिक्का आजही शाळाशाळांतून मारला जातो. त्या शिक्क्यामागचे मूल जगाला कसे दिसू लागले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, ते लहानपणी अबोल व मंद वाटत आणि आईला त्यांच्या भवितव्याची चिंता पडे, असे त्यांच्या चरित्रांत आढळते. त्यांना काही विकार होता असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बालपणी दिलेला निकाल किती फसवा ठरतो, एवढेच त्यातून घ्यावे.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, गणितात चांगला. पण स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची उलटापालट करी. १९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या वैद्यांपुढे व्याख्याने देऊन, बुद्धी शाबूत असूनही ज्यांचे चित्त व वर्तन ताब्यात राहत नाही अशा मुलांकडे लक्ष वेधले. १९६३ साली शिकागो येथे सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन-अक्षमता’ ही संज्ञा मांडली, ती पालकांच्याच सभेत. आपल्या मुलास काय म्हणावे हे कळेना, म्हणून आईबापच एकत्र जमले होते.

आपल्याकडेही पावले पडत होती. १९३७ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले. १९४० साली वि. वि. कामत यांचा मराठी व कानडी मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ निघाला. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी मतिमंद मुलांसाठी ‘कामायनी’ सुरू केली. परंतु बुद्धी आहे आणि वाचता येत नाही, असे मूल मधल्या मध्येच राहिले. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आदी सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला.

यापूर्वीची एक गोष्ट आम्हांस बोचत राहिली आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा पानिपतची हकीकत तोंडी अशी सांगे की वर्ग स्तब्ध होई. कागदावर मात्र ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’, वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरे मोडलेली. ‘तू आळशी आहेस’ असे त्याला आम्हीच म्हणालो. तो आळशी नव्हता; आम्ही अडाणी होतो.

मग पालकांनी करावे काय? प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांचा सल्ला घ्यावा. वाचन-लेखनाच्या अडचणीवर गोळी नाही; तेथे प्रशिक्षित शिक्षकाकडून आठवड्यातून दोन-तीन वेळा, धीराने, महिनोन्‌महिने उपचारात्मक अध्यापन हाच मार्ग. चित्ताच्या चंचलतेची गोष्ट निराळी. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधाने काही मुलांचे अभ्यासात लक्ष लागते असे आढळले, आणि त्या वर्गातील औषधे आजही वापरात आहेत. पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावयाची. भूक मंदावणे, झोप उडणे असे त्यांचे त्रासही असतात. अगदी लहान मुलांत आधी आईवडिलांनाच वागणुकीचे शिक्षण देतात : सूचना थोडक्यात द्यावी, काम लहान तुकड्यांत द्यावे, चांगले केले की तत्काळ शाबासकी द्यावी. दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात. म्हणून दोहोंची तपासणी व्हावी.

‘लोक काय म्हणतील’ म्हणून वर्षे दवडू नयेत. मुलाची वही लाल शाईने भरून आली, तर रागावण्यापूर्वी त्याला एकदा तोच धडा तोंडी सांगावयास सांगावे. आम्ही ते केले नाही; आपण करावे.