हात वळण्याचें वय

विट्यास पहिल्या इयत्तेच्या मुलांस अक्षरें गिरवावयास शिकवितांना एक गोष्ट मीं वारंवार पाहिली. उजव्या हातानें पाटीवर 'क' काढणाऱ्या मुलाच्या डाव्या हाताचीं बोटेंहि हळूच वळत असत. मला ते चाळे वाटत, व त्याबद्दल मीं कित्येकांच्या बोटांवर पट्टी मारिली. चूक माझी होती. ती कळण्यास मला निवृत्त व्हावें लागलें.

शरीराच्या हालचालींचें स्थान मेंदूंत आहे, हें प्रयोगानें सिद्ध झालें तें १८७० सालीं. बर्लिन येथें फ्रिट्श व हिट्झिग ह्या दोघां वैद्यांनीं, तेंहि हिट्झिगच्या राहत्या घरीं, कुत्र्याच्या मेंदूच्या पुढील भागास सौम्य विद्युत्प्रवाह लाविला, तों विरुद्ध बाजूचा पाय हालला. पुढें १९३७ त कॅनडांतील पेनफील्ड व बोल्ड्रे ह्यांनीं मनुष्याच्या मेंदूवरील अशा स्थानांची मांडणी प्रसिद्ध केली. तींत हात व तोंड ह्यांनीं फार मोठी जागा अडविलेली दिसते.

परंतु जागा असली तरी तेथून निघणारी वाट जन्मतः पुरी झालेली नसते. मज्जातंतूंवर चरबीचें वेष्टन चढेल तसतसा निरोप वेगानें जातो. १९८५ सालीं इंग्लंडांतील बार्कर ह्यांनीं कवटी न उघडतां, चुंबकाच्या साह्यानें, मेंदूस चेतना देण्याची युक्ति काढली. तिच्या योगें मुलांच्या मेंदूपासून हातापर्यंतचा निरोप मोजतां आला. त्याचा वेग प्रौढांच्या बरोबरीस येतो तो सुमारें दहा-अकराव्या वर्षीं! मेंदूच्या एका अर्धानें दुसऱ्यास आवरून धरण्याची शक्तिहि तोंपर्यंतच पक्की होते. तीपूर्वीं एक हात चालला कीं दुसऱ्यानें त्याची नक्कल करावी, हा चाळा नव्हे, वयोधर्म होय. बोटांची चपळाई तर त्यानंतरहि कांहीं वर्षें वाढत असते.

जुन्या पंतोजींस ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. तरी त्यांची धुळपाटी मुलाच्या हातास मानवे. धुळींत अक्षर मोठें निघे व सबंध दंड फिरे. बारीक ओळींची वही पांच वर्षांच्या मुलापुढें टाकणारे आम्हीच अधिक शिकलेले! १९२६ सालीं गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि लेखणीपूर्वीं हात तयार करावा हा माँटेसरीबाईंचा विचार आपल्याकडे रुजविला. तो आमच्या वर्गापर्यंत पोंचला नाहीं.

पट्टी खाल्लेल्यांपैकीं कांहीं जण आज परप्रांतीं गलाईचा धंदा करितात. गुंजभर सोन्याचा तोल तींच बोटें सांभाळतात. माझी नात पांच वर्षांची आहे. ती लिहूं लागली कीं तिचींहि डावीं बोटें हालतात. मी परातींत बारीक वाळू पसरून तिच्यापुढें ठेवतों.