कोविड–१९ आणि शाश्वत विकास : लोहा तालुका

लोहा हा नांदेड–लातूर मार्गावरील, नांदेड जिल्ह्यातील तालुका. पूर्वी कंधार तालुक्यात समाविष्ट. शेती मुख्यतः कोरडवाहू. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांची मुदत २०३० पर्यंत असून तिचा जेमतेम तिसरा भाग सरला असताना महासाथ आली.

रोजगार : या पट्ट्यातील मजूर ऊसतोडीला, तसेच पुणे, मुंबई व हैदराबादला बांधकामावर जातात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत राज्यातील ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलमध्ये त्यांना गावी परतण्याची मुभा मिळाली. रोजगार हमीची मजुरी त्याच महिन्यापासून २०६ वरून २३८ रुपये झाली.

माळेगाव यात्रा : ही यात्रा न भरणे हाच तालुक्याला बसलेला सर्वांत ठळक आर्थिक फटका म्हणावा लागेल. मार्गशीर्ष वद्यात भरणाऱ्या खंडोबाच्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट व बैल यांचा मोठा बाजार असतो. नांदेड जिल्हा परिषद पशुप्रदर्शन, कुस्त्या व लावणी महोत्सव भरवते. भटक्या जमातींच्या जातपंचायती येथे बसत आणि त्यांत सोयरिकी ठरत व तंटे निकाली निघत. २०२०-२१ व २०२१-२२ या दोन्ही हंगामांत यात्रा भरली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तरी गोपालकांची अडचण संपली नव्हती, कारण लम्पी रोगामुळे सप्टेंबर २०२२ पासून राज्यातील गुरांच्या बाजारांवर निर्बंध आले होते. लाल कंधारी गोवंशाचे हे मूळ क्षेत्र असल्याने ही बाब विशेष नोंदण्याजोगी (पहा : लाल कंधारी). कासरे-घुंगरमाळा, घोंगड्या विकणारे, पालातले हॉटेलवाले, तमाशाचे फड यांची बुडालेली कमाई उद्दिष्टांच्या निर्देशांकांत दिसत नाही.

शिक्षण : महासाथीत शाळा बंद राहिल्यानंतर ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून, पहिली ते चौथीचे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही काळ बंद होत्या. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली.

आरोग्य : जिल्ह्यातील गंभीर रुग्णांचा भार मुख्यत्वे नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर होता. देशातील कोविड मृत्युसंख्येबाबत केंद्र सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात मतभेद आहेत.

मोजमाप : पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे महाराष्ट्रातील काम २०१९ मध्येच झाले, तिच्यातील नांदेडचे आकडे महासाथीपूर्वीचे आहेत. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने तालुक्यातील योजना २०११ च्या लोकसंख्येवरच आखल्या गेल्या.